तुळशीरामची बैठक, पान्यासकट

दिवाळीची सुटी संपवून तुळशीराम दुकानामागच्या शेडात गेला, फटफटीवरचं ओलं पोतं उचललं, तर सीटच्या शिवणीतून तीन रोपं वर आलेली. दोन-दोन पानांची, फिकट, मान वाकडी करून उजेड शोधणारी. शेतकऱ्याच्या पोराला कपाशीचं रोप ओळखायला दुसऱ्यांदा पाहावं लागत नाही. तुळशीरामनं तरी दुसऱ्यांदा पाहिलं, कारण पेरणारा तोच होता.

बुलढाण्यात नारायणरावांचं विहिरीवरच्या इंजिनांचं दुकान होतं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. विहिरींवरच्या मोटा सुटत होत्या, इंजिनं बसत होती, आणि बसलेली इंजिनं बिघडतही होती. ती सुधारायला गावोगाव हिंडायचं काम तुळशीरामकडे. त्यासाठी नारायणरावांनी एका निवृत्त फौजदाराची जुनी फटफटी घेतली होती. गाडी ठणठणीत होती. सीट मात्र फौजदारानं आरोपींसाठी राखून ठेवली असावी, इतकी कडक.

संग्रामपूरची एक फेरी म्हणजे घाट उतरून मोताळा, नांदुरा, पूर्णेचा पूल, जळगाव जामोद, आणि पुढं सातपुडा दिसेपर्यंत खड्डे. परत येताना तुळशीराम निम्मा रस्ता पायदानांवर उभा राहून यायचा. रस्त्यातल्या पोरांना वाटायचं, मिस्त्री सर्कशीत होता.

मग त्यानं डोकं चालवलं, हीच मुळात चूक. आई, सोजराबाई, घरात नसताना कोपऱ्यातल्या गेल्या सालच्या कापसाच्या ढिगातून दोन पाट्या कापूस काढला आणि सीट उसवून आत कोंबला. त्यातली सरकी काढत कोण बसतो, म्हणून बियांसकट कोंबला. पहिल्याच फेरीत त्या बिया एकेक करून मोजता आल्या. सुटीवर जाण्याआधी त्यानं गाडी बादल्या ओतून धुतली, धूळ बसू नये म्हणून वर ओलं पोतं टाकलं आणि आठ दिवस गावी जाऊन पालथा झोपला. बाकीचं काम सरकीनं केलं.

नारायणराव शेडात आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी रोपं न्याहाळली.

"पेरा तर चांगला उगवला. आता तण काढाले डवरा कवा मारतो?"

तुळशीरामनं रोपं उपटायला हात घातला.

"हिंमतरावाचं इंजिन बंद हाय संग्रामपूरले. गव्हाले पानी द्याचं हाय त्याले. शनिवारी तू तिथं पाह्यजे."

"मालक, मले चार दिवस बसता येत नाई."

"मंग गल्ल्यावरचा किसनराव जाईन. फटफटी त्याले देऊन टाकतो. तू गल्ल्याजवळ बस, नट-बोल्ट तोलत." नारायणराव दारातून वळले. "तिथंबी बसाच लागते म्हना."

हे मात्र तुळशीरामच्या काळजाला लागलं. मॅट्रिकला दोनदा आपटलेल्या माणसाला साऱ्या जिल्ह्यात कशामुळं ओळख होती, तर त्या फटफटीमुळं. आवाज आला की बाया दारात यायच्या, 'मिस्त्री आला' म्हणायच्या, चहा टाकायच्या. गल्ल्याजवळ बसलेल्या माणसासाठी कुणी चहा टाकत नाही. आणि किसनराव तर गाडी चालवताना तोंडानंही आवाज काढणारा माणूस.

सोजराबाईनं तोडगा काढला. अर्थात, कापसाच्या ढिगातला खड्डा सापडल्यावर जे बोलायचं ते सगळं बोलून झाल्यावर. "धाड गावाले फकीर मोहम्मद हाय. तुह्या आज्याच्या घोडीचं खोगीर त्यानंच केलं होतं. त्या घोडीच्या पाठीले कधी जखम झाली नाई. तू काई घोडीपेक्षा नाजूक नोहे."

बाजाराच्या दिवशी तुळशीराम सीट काखोटीला मारून एसटीनं धाडला निघाला. गाडी निम्मी रिकामी, हा दांडीला धरून उभा.

"जागा हाये ना, बसत काऊन नाई?" कंडक्टर म्हणाला.

"उभाच बरा हाये."

कंडक्टरनं एकदा त्याच्या काखेतल्या सीटकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं, आणि तिकीट फाडलं.

फकीर मोहम्मदचं दुकान म्हणजे बाजाराच्या तोंडाशी एक छप्पर. पूर्वी इथं तट्टांची रांग लागायची. आता जीपा उभ्या असत. म्हातारा सत्तरीचा, पांढरी दाढी, तोंडात दाभण. त्यानं सीट उलटीपालटी केली, शिवणीतून एक सरकी काढून तळहातावर ठेवली आणि तुळशीरामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"पढेला दिसतो," शेवटी तो म्हणाला.

"मॅट्रिकपर्यंत, चाचा."

"हां. दिसूनच राह्यलं." त्यानं सरकी फेकून दिली. "घोडं बोलत नाई, म्हनून त्याचा दर्द शोधा लागते. तू बोलतो, पन कामाचं बोलत नाई. कुठं दुखते?"

"सगळीकडं."

"पाह्य, मी म्हनलं ना."

मग त्यानं आपला नातू शकूर याच्याकडून हौदाजवळची ओली माती आणवली. घमेलंभर माती फळीवर थापली, हातानं सारखी केली आणि बोट दाखवलं. "बस."

"यात?"

"घोड्याच्या पाठीवर राख टाकून खोगिराचं माप घेतो मी. तू वजनदार हायेस, तुले माती."

भर बाजार होता. समोर भिमाबाई वांगी विकत होती, तिनं तराजू खाली ठेवला. दोन जीपवाले सरकून जवळ आले. तुळशीरामनं आज मुद्दाम नवी खाकी पँट घातली होती, मिस्त्री शोभावं म्हणून. तो बसला.

"हलू नको. खड्डा आला असं समज, एकदा उसळी खा. बस्स. ऊठ."

तो उठला. मागं काय झालं ते त्याला दिसत नव्हतं, पण भिमाबाईला दिसत होतं, आणि तिनं तोंडाला पदर लावला.

मातीत दोन खळगे उमटले होते. फकीर मोहम्मद गुडघ्यावर वाकून बोटानं खोली मोजू लागला. डाव्या खळग्याशी थांबला. तिथं वीतभर लांब, दोन टोकांना जबडे असलेला एक ठसा होता.

"हे काय हाये बे?"

तुळशीरामनं मागच्या खिशात हात घातला आणि पाना बाहेर काढला.

"हा रोज खिशात राह्यते?"

"हाव. कवा लागंल सांगता येत नाई."

"संग्रामपूरपर्यंत याच्यावर बसून जातो?"

तुळशीरामनं मान खाली घातली. दीड वर्षं तो त्या पान्यावर बसून सारा जिल्हा हिंडला होता, आणि दोष फौजदाराला दिला होता. पाना मागच्या खिशातून डोकावत असला की माणूस मिस्त्री दिसतो, असं त्याचं मत होतं. पाठमोऱ्या तुळशीरामकडं पाहायला कुणाला वेळ आहे, हा विचार त्यानं केला नव्हता.

"अर्धं काम तर झालं, फुकट झालं," जीपवाला म्हणाला. पण म्हातारा हसला नाही. त्यानं दाभण ओवलं.

"मऊ पाह्यजे तुले. मऊवर मानूस बुडते, मंग खालचं लोखंड लागते. घट्ट पाह्यजे, रुंद पाह्यजे, अन् मधात नाली. घोड्याच्या कण्यावर वजन नाई पडलं पाह्यजे, तसंच तुह्या." त्यानं जुन्या घोंगडीचे तुकडे एकावर एक रचून दाबून टाके घातले, मधोमध दोन बोटांची नाली सोडली, मागं खोगिरासारखा उंचवटा दिला आणि वर कातडं ताणलं. दुपार कलली तेव्हा सीट तयार होती. दगडासारखी.

"चाचा, हे तर कडक हाये."

"शनिवारी सांग."

मजुरीचं विचारलं तर म्हणाला, "सामानाचे पैसे नारायनरावापासून घेईन. तुह्यापासून एक फेरा. रोहिणखेडले माही बहीन हाय, नूरजहां. सारी उमर मी दुसऱ्याच्या बैठकी केल्या, स्वतः पायी फिरलो. एकदा तुह्या फटफटीवर बसून तिच्या दारात उतराचं हाय."

"एक काऊन, दोन फेरे," तुळशीराम म्हणाला. नुसतं बोलायचं असलं की तो उदार व्हायचा.

शनिवारी तो निघाला. मोताळ्यापर्यंत दुखण्याची वाट पाहिली. नांदुऱ्याला चहा प्यायला उतरला आणि चक्क बाकावर बसला. पाना हत्यारांच्या पेटीत होता. संग्रामपूरला हिंमतरावांचं इंजिन दोन तासांत धडधडलं, गव्हाच्या वाफ्यात पाणी शिरलं, आणि हिंमतरावांनी विचारलं, "मिस्त्री, आज बसून जेवता वाटते?" परत आला तेव्हा नारायणरावांनी किसनरावापुढं नट-बोल्टांचा डबा सरकवला.

फेऱ्याची अडचण पुढच्या आठवड्यात तुळशीरामच्या ध्यानात आली. नव्या सीटचा मागचा उंचवटा पार कॅरियरपर्यंत गेला होता. दुसरा माणूस बसायला चार बोटं जागा नव्हती. तो धाडला गेला आणि ते म्हाताऱ्याला सांगितलं.

"मालूम हाये," फकीर मोहम्मद म्हणाला. त्यानं खुंटीवरून एक लहान गादी काढून दाखवली, कॅरियरवर बांधायला पट्टे असलेली, मधात नाली असलेली. "हे माहं. मापबी घेऊन झालं. तू फक्त दिवस सांग."

तुळशीरामनं शुक्रवार सांगितला. शुक्रवारी जळगाव जामोदला इंजिन अडलं. मग मंगळवार सांगितला, मग संक्रांतीनंतर म्हणाला. खरंच इंजिनं अडत होती, पण दर वेळी नेमकी त्याच दिवशी का अडत होती, हे त्याला स्वतःलाही पटवता येत नव्हतं.

छपराखालच्या फळीवर मातीचे दोन थापे वाळून कडक झाले आहेत. एक म्हाताऱ्याचा, हलका. दुसरा तुळशीरामचा, पान्यासकट. बाजाराच्या दिवशी फकीर मोहम्मद तो गिऱ्हाइकाला दाखवून बैठक कशी नसावी ते समजावतो. भिमाबाई आता न हसता वांगी तोलते, इतक्यांदा तिनं पाहिलाय.

"चाचा, मोडून टाका तो," तुळशीराम गेल्या खेपेला म्हणाला.

"मोडतो ना. रोहिणखेडहून आलो की मोडतो," म्हातारा म्हणाला. "तवरिक तुह्या फेऱ्याचं तारन हाये."