जुन्या मेलचे कैवारी

आमच्या ठाण्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर कोपरचे एक गृहस्थ बसतात. मेलचं नवीन व्हर्जन टाकू का, असं कॉम्प्युटर रोज विचारतो आणि हे चहा यायच्या आत 'नको' दाबून मोकळे. "जुन्याची सर नव्याला नाही हो!"

जुनं सारखं अडकायचं. साहेबांनी काही मागितलं की हे हात वर करायचे. "सर, मी पाठवलेलं, मेल अडकलाय." मग निवांत डबा उघडायचे.

परवा कॉम्प्युटरवाल्याने ते जुनंच दुरुस्त केलं. मेल झटक्यात जायला लागले. गृहस्थांचा चेहरा पडला.

"अरे, ते नवीन अडकतं का रे?"

"सुरुवातीला अडकतं, काका."

"मग तेच टाक. काळाबरोबर चालायला हवं."