उचललेलं इंजिन कशावर सोडायचं?

मंडळी, आज दिवसभर लातूरजवळ, गाड्या बाजूला उभ्या करायच्या एका जुन्या साइडिंगला होतो. घसरलेले डबे, इंजिनं उचलणाऱ्या गँगमध्ये मी काम करतो, हे तुम्हाला माहीतच हाय.

कित्येक वर्षं गवतात उभं असलेलं डिझेल इंजिन नांदेडला शोभेसाठी न्यायचं होतं. ओढायला सुरुवात केली आणि जरा पुढं जाताच त्याची पुढची चाकं रुळावरून खाली उतरली.

जॅक लावले, खाली लाकडी ठोकळे रचत रचत इंजिन वर घेतलं. चाकं बरोबर रुळाच्या वर आली. मी म्हणलं, "गफूरमामा, सोडू का?"

आमचे मुकादम गफूरमामा वाकून खाली बघून राहिले होते. "कशावर सोडतो? रुळाखालचे स्लीपर सडलेत, रूळ फाकलाय. इंजिनाचा काय कसूर? आधी खालचं नीट कर."

मग इंजिन ठोकळ्यांवरच टेकवून ठेवलं आणि खाली नवे स्लीपर घातले. संध्याकाळी ते अलगद रुळावर बसलं आणि निघालं.

घरी येताना डोक्यात पोरगी होती. डॉक्टरकीच्या तयारीचा क्लास सोडून ती महिन्याखाली परत आली. उद्या तिला त्याच क्लासला, त्याच होस्टेलवर सोडायचं ठरलं होतं. बॅगपण भरली होती.

घरात शिरताच बॅग बाजूला सारली. म्हणलं, "बाई, तिथं तुला नेमका काय तरास होता?"

ती बोलायला लागली, ती जेवण निवलं तरी थांबली न्हाई.

परत पाठवायच्या आधी तुमच्यापैकी कुणी विचारलंय का हे पोरांना?