देवगिरीच्या माथ्यावर आम्ही चौघं जाडे

मंडळी, आज सकाळी आम्ही देवगिरी किल्ला पार वरपर्यंत चढलो!

आम्ही म्हणजे शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीतले चौघं. वय पंचविशीचं, पण वजन लई वाढलेलं. कंपनीच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले होते, "तुमच्या वयाची पोरं आजकाल अशीच बीपी-शुगर घेऊन येतात." ते ऐकून घाबरलो आणि रोज चालायला लागलो.

आज अंधारी, म्हणजे किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता, पार केल्यावर आमच्यातला इम्रान पायरीवरच बसला. "यार, मेरे से नै होता. तुम जाओ."

"नाय. जाऊ तर चौघं," म्हणत योगेश त्याच्याशेजारी बसला. मग आम्हीही बसलो. दम खाल्ला, पाणी प्यालो, निघालो.

माथ्यावर पोहोचताच इम्राननं घरी फोन लावला. "अम्मी, मैं ऊपर आ गया!" बोलता बोलता त्याचे डोळे भरले.

तुमच्याबरोबर थांबणारं कुणी आहे का? नसेल तर आमच्यासोबत चालायला या.