अखजीची झोप

माझी सासू मला रोगट म्हणायची. धुळ्याजवळच्या आमच्या गावात तिनं ते घरोघर पसरवलं. पिठाची गिरणी तेव्हा फक्त शहरात होती, म्हणून जातं माझ्या गळ्यात. "कोंबडं कोकलनं की सुनना डोया उघडी जावाले पाहिजे," हा तिचा कायदा. रात्री तिचे पाय चेपून तिचं घोरणं सुरू झालं, की मग मी आडवी व्हायची. माझ्याच वयाची नणंद मात्र अंगणात ऊन येईपर्यंत पांघरुणात.

मला चक्कर यायची, अन्न जायचं नाही, डोळ्यांखाली काळं आलं. वैद्याचे काढे झाले, भगताचा अंगारा झाला. सतराव्या वर्षी आपल्याला क्षय झालाय, आपण आता फार जगत नाही, हे मलाही पटलं होतं. सासूला हेच हवं होतं. मला टाकून नवऱ्याला दुसरी करायची होती तिला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

अखजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात अखजीला प्रत्येक लेक माहेरी येते, त्याला सासूसुद्धा नाही म्हणू शकत नाही. भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला आणि मला गाडीत घालून घेऊन गेला. घरी पोचले ती झोपलेच. जेवायला उठायची, परत झोपायची. शेजारणी नावं ठेवू लागल्या तेव्हा आई दारात उभी राहिली. "झोपू द्या तिले. कोनी उठाडू नका."

ना काढा, ना अंगारा. काही दिवसांत मी भाकरी मागून खाऊ लागले, निंबाला बांधलेल्या झोक्यावर सगळ्यांत उंच जाऊ लागले. मला काही झालेलंच नव्हतं. हे कळलं तेव्हा आनंद कसला, अंगाची लाही लाही झाली.

त्या झोक्याखाली माझ्या माहेरगावचीच एक लेक उभी होती, तीही अखजीला आलेली. ती मला बघतच राहिली. "तू ते मराले टेकेल शे म्हने! तुना नवराले मन्ही पुतनी देई ऱ्हायनात."

मी झोक्यावरून उतरले आणि तिला सगळं सांगितलं. जातं, पाय, नणंदेचं पांघरूण. एक शब्द खोटा बोलले नाही आणि एकही गाळला नाही. भोवती दहा गावांच्या सासुरवाशिणी होत्या. सण संपला आणि त्या आपापल्या गावी गेल्या, माझ्या सासूची अब्रू बरोबर घेऊन.

मी सासरी परतले. सवत आली नाही. एवढ्यानं माझं भागलं असतं, पण धाकट्या दिराचं लग्नही कुठे जमेना. त्या घरात सुनेला झोपू देत नाहीत, हे सगळीकडे झालं होतं. शेवटी लांबून एक स्थळ आलं. पाहुणे येण्याआधी सासू मला चुलीपाशी हळूच म्हणाली, "पोरी, आमनाबद्दल चांगलं सांग वं." आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज मऊ होता. मी मान हलवली.

मुलीच्या आईनं मला जवळ बसवलं. "तू आजारी व्हती असं ऐकं. मंग, आते तब्येत कशी शे तुन्ही?"

सासू माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडेच बघत म्हटलं, "जवय माहेरले ऱ्हास, तवय एकदम चांगली ऱ्हास."

पाहुण्यांनी गूळपाणीसुद्धा संपवलं नाही.