जेवढी सुटली तेवढी गाडी

यंत्राच्या बाबतीत माझ्या हाताला यश नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बल्ब बदलायलासुद्धा मला स्टुलावर चढू देत नाहीत. नातवंडांना वाटतं, आजोबांचं वय झालं म्हणून. वयाचा काही संबंध नाही. त्याचं मूळ सत्तरच्या दशकातल्या एका दसऱ्यात आहे.

तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत भूमिती शिकवत होतो. नुकतंच लग्न झालेलं. बायको दुधनीची. लग्नाच्या बोलणीत मी सासऱ्यांना एकच शब्द दिला होता. म्हणजे मागितला कुणीच नव्हता, मीच छाती काढून दिला होता, "मामा, पहिल्या दसऱ्याला तुमची लेक स्कूटरवरून दारात येईल." आमच्या शाळेतल्या एका मास्तरांची जुनी स्कूटर मी घेऊन ठेवली होती, त्या जोरावर. बायकोनं ही बातमी माहेरी कळवली आणि दुधनीत ती वाऱ्यासारखी पसरली. सासऱ्यांच्या गल्लीत तोवर कुठल्याच जावयाची स्कूटर आलेली नव्हती.

नवरात्र बसलं आणि स्कूटरनं आवाज काढायला सुरुवात केली. जात्यात खडा सापडावा तसा. गॅरेजवाल्यानं कान लावला आणि म्हणाला, "शाफ्टचं बेअरिंग गेलंय. इंजिन उतरवावं लागंल. पण आता दसऱ्याची कामं तुंबल्यात सर, दिवाळीनंतर या."

मी गयावया केली. तेव्हा त्यानं एक वाट काढून दिली. "तुमी शाफ्ट काढून आणा, मी बेअरिंग बसवून देतो. पण खंडेनवमीच्या आत. नवमीला हत्यारं पूजंला बसली की दसरा होईस्तोवर मी पान्याला हात लावत न्हाय."

इंजिन आपणच खोलायचं, असं मी ठरवलं. त्यात काय, नट उलटा फिरवला की सुटतो, एवढी भूमिती मला येत होती.

सुरुवात तर फार छान झाली. वरचं डोकं निघालं, सिलिंडर निघालं. काढलेला प्रत्येक भाग मी आईच्या परातीत मांडत होतो आणि आई लांबूनच विचारत होती, "हे सगळं परत बसणार हाय का रे?" शाफ्टच्या टोकाला जड चाकासारखा मॅग्नेट असतो. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर असा घट्ट रुतून बसलेला असतो की तो निघाल्याशिवाय शाफ्ट बाहेर येत नाही. त्याच्या मधोमध एक मोठा नट. नट फिरवताना चाक गरगर फिरू नये म्हणून गाडी गियरमध्ये टाकून मी बायकोला मागच्या ब्रेकवर उभं केलं. नवी नवरी, हातात हिरवा चुडा, आणि पाय ब्रेकवर.

मी पाना लावून जोर केला. नट कुरकुरला आणि सुटला. मग बोटानंही फिरू लागला. मी विजयी मुद्रेनं बायकोकडे बघितलं. एवढ्यात नट पुन्हा घट्ट झाला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"आटे अडकले. आणखी फिरवला तर आटे जातील," मी म्हणालो आणि शहाण्यासारखा नट परत मागं फिरवून बसवून टाकला.

पुन्हा सोडवला. पुन्हा सैल झाला, पुन्हा अडला. पुन्हा मी मागं आलो. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. मग रॉकेल ओतून बघितलं. लाकडाचा ठोकळा ठेवून वरून हातोडी मारून बघितली. उकळतं पाणी ओतलं, तेव्हा आई म्हणाली, "अंघूळ घालतोस काय तिला?" शाळेतून आलो की मी त्या नटाच्या मागे, आणि बायको बिचारी ब्रेकवर. नट सुटायचा, अडायचा, मी मागं यायचो.

ती एकदा म्हणाली, "अहो, अडला तर पुढंच ढकला की जरा."

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. मलाही कळत नव्हतं, पण ते बोलायची रीत नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी मी शेवटचा प्रयत्न करत होतो. आई पूजेचं ताट घेऊन आली आणि माझ्या हातातला पाना सरळ काढून घेतला.

"आई, थांब, आत्ता निघेल!"

"आठ दिस आत्ताच निघतंय. आण हिकडं. आज त्याचा मान हाय."

पाना, हातोडी, पक्कड, घरातली विळी, कात्री, सगळं पाटावर बसलं. विभूती लागली, फुलं पडली. पोट उघडं पडलेल्या स्कूटरच्या हँडललाही आईनं झेंडूची माळ घातली. ऑपरेशन अर्ध्यावर सोडलेल्या पेशंटला हार घालावा तशी ती दिसत होती. बायकोनं हँडलवरची माळ सरळ केली. पाटल्या घालून, नवी इरकल साडी नेसून स्कूटरवर मागं कसं बसायचं, ते तिनं आरशासमोर खुर्चीवर बसून बघितलेलं मी चोरून पाहिलं होतं. ते आठवून मला जास्तच लागलं.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरली. दुधनीची एसटी दुपारची होती. आता शाफ्ट निघाला तरी उपयोग नव्हता, गॅरेज बंद. तरी बायको इरकल नेसून तयार झाली, पाटावरचा पाना उचलला आणि मला म्हणाली, "तुमी ब्रेकवर उभं राव्हा."

मी मुकाट्यानं उभा राहिलो. तिनं नट सोडवला. तो सैल झाला. मग अडला.

"मागं घे! आटे जातील!" मी ओरडलो.

"जाऊ देत की! न्हाय तरी गाडी कुटं चाललीय?" असं म्हणून तिनं पान्यावर सगळा भार टाकला.

'टक्' असा आवाज झाला आणि मॅग्नेट अलगद सुटून तिच्या ओंजळीत आला.

झालं होतं असं, की त्या नटाच्या वर, मॅग्नेटच्याच खाचेत, एक तारेची कडी बसवलेली असते. सैल झालेला नट त्या कडीला टेकतो, आणि तसाच पुढं फिरवला की तोच मॅग्नेटला ओढून बाहेर काढतो. म्हणजे तो अडत होता ती अडचण नव्हती, ते कामच चाललं होतं. आणि मी दर वेळी काम सुरू झालं की मागं येत होतो.

मला वाटलं, आता ती हसेल किंवा रडेल. तिनं मॅग्नेट पदरानं पुसला, झेंडूची माळ हँडलवरून काढून त्यावर गुंडाळली आणि पिशवीत घातला.

"हे कशाला?"

"अप्पांना सांगितलंय, स्कूटर येणार म्हणून. जेवढी सुटली तेवढी नेऊ."

एसटीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसली. अक्कलकोट येईपर्यंत तिच्या केसांतल्या दोन पिना आणि पिशवीतल्या सगळ्या सेफ्टी पिना मॅग्नेटला जाऊन चिकटल्या होत्या.

दुधनीला सासरे स्टँडवरच उभे होते. शेजारी सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन, आणि मागं गल्लीतली निम्मी माणसं. सासरे सोलापूरच्या रस्त्याकडे कान लावून स्कूटरच्या आवाजाची वाट बघत होते, आणि आम्ही त्यांच्या पाठीमागं एसटीतून उतरलो.

"एन्री, काय जावईबापू," ते वळून त्यांच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, "गाडी?"

मी बायकोकडे बघितलं. बायको पुढं झाली, पिशवीतून माळ घातलेला मॅग्नेट काढला आणि त्यांच्या हातात दिला. "ही घ्या, अप्पा. बाकीची दिवाळीला येतीय."

सासऱ्यांनी तो वर-खाली करून बघितला. वजन अजमावलं. खिशातला अडकित्ता काढून सहज जवळ नेला, तर तो खट्कन चिकटला. माणसं पुढं सरकली.

"ताकद हाय की हो हिच्यात," सासरे गंभीरपणे म्हणाले. "चालवत आणली का हातात धरून?"

सगळा स्टँड हसला. मीही हसलो, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मग सासूबाईंनी खरोखरच ओवाळायला घेतलं. विभूती लावली, नारळ फोडला. राहिलं लिंबू. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवून चिरडायचं असतं. सासऱ्यांनी ते फरशीवर ठेवलं, त्यावर मॅग्नेट ठेवला आणि मला म्हणाले, "बर्री, या, दाबा. गाडी तुमची."

मी दोन्ही हातांनी दाबलं. लिंबू घसरून बाजूला झालं. पुन्हा ठेवलं, पुन्हा दाबलं. या खेपेला ते किंचित चेपलं आणि अडलं. माझा हात आपोआप सैल पडला.

बायको माझ्या कानाशी वाकली. "आता तरी मागं येऊ नका."

मी सगळा भार टाकला. लिंबू फुटलं आणि रस सासऱ्यांच्या धोतरावर उडाला.

"झालं," धोतर झटकत सासरे म्हणाले, "आली गाडी. चला घरी."

आणि माझ्या बायकोनं तो मॅग्नेट काखेत मारला आणि सबंध गल्लीतून, दारादारात उभ्या बायकांकडे बघत, माझ्या पुढं चालत गेली.