सहीआधी सगळं वाचणारे शेजारी

नियम आणि अटी शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये, आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो. एका वाढदिवसाला मुलांना ट्रॅम्पोलिनवर उड्या मारायला नेलं, तर आत सोडण्याआधी आईबापांची सही हवी होती. आम्ही सगळ्यांनी न वाचता ठोकली. आमचे शेजारी अकराच्या अकरा पानं वाचत बसले. त्यांची लेक आत शिरली तेव्हा केक कापून झाला होता.

कॉलेजच्या अर्जांचे दिवस आले की मात्र याच माणसाची सगळ्यांना आठवण व्हायची. माझी थोरली लवकरच्या फेरीत दोन खाजगी कॉलेजांना एकदम अर्ज टाकतेय, हे कळल्यावर ते घरातल्या चपलांवरच धावत आले. "हे पहिलं अर्ली डिसिजन आहे," ते म्हणाले. "म्हणजे आपल्याकडे ओरिजिनल मार्कशीट जमा करायचो ना, तसं. घेतलं तर जायचंच, बाकीचे अर्ज मागे. दुसरं तसं बांधून घेत नाही, पण या फेरीत इतर खाजगी कॉलेजांकडे बघू देत नाही. सरकारी चालतात. दोन्हींतलं एकच ठेव, बेटा."

पुढच्या वर्षी त्यांच्याच लेकीने अर्ली डिसिजनसाठी पार बॉस्टनकडचं कॉलेज निवडलं. त्या करारावर पालकांचीही सही लागते. मजकूर जेमतेम पानभर, पण तो वाचायला त्यांना चार दिवस लागले.

"पळवाट शोधताय की काय?" मी विचारलं.

"छे. नीट वाचतोय."

पाचव्या दिवशी त्यांनी सही केली. डिसेंबरात तिला प्रवेश मिळाला. मी अभिनंदन करायला गेले, तर ती लॅपटॉपवर बाकीचे अर्ज मागे घेत होती आणि तिचे बाबा बाजूला बसून यादीतलं एकेक नाव खोडत होते. शेवटी घरापासून अर्ध्या तासावरचं कॉलेज उरलं.

"बाबा, त्यांचं उत्तर तरी येऊ दे ना. जस्ट टू नो."

"नाही, बेटा. नियम आहे," ते म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. स्वयंपाकघरातला नळ बराच वेळ चालू होता.

ऑगस्टमध्ये ती गेली. तिकडचं घड्याळ तीन तास पुढे, म्हणून शनिवार-रविवारी तिच्या रात्रीच्या जेवणाची वेळ गाठायला ते दुपारी साडेचारलाच ताट वाढून घेतात आणि तिला फोन लावतात.

आता माझी धाकटी कॉलेजं निवडतेय. परवा तिने त्यांना आपली यादी दाखवली. सवयीप्रमाणे त्यांनी ती पूर्ण वाचली, मग म्हणाले, "एखादं जवळपासचंही टाक की. रविवारी घरी जेवायला येता येईल असं."

"काका, इज दॅट अ रूल?"

"नाही गं," ते म्हणाले. "नुसतं सांगतोय."