धुतलेल्या ट्रकचा ब्रेक

विश्वकर्मा पूजेला ट्रकांवर झेंडूच्या माळा दिसल्या, की रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतली ती घटना आजही मला स्वस्थ बसू देत नाही. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं होतं, नव्या शहराचं बांधकाम जोरात होतं आणि सळया वाहणाऱ्या ट्रकांना उसंत नव्हती. मी तेव्हा त्या भागाचा ठाणेदार होतो.

पूजेच्या सकाळी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या आवाराबाहेर, पहिल्याच वळणावर, त्यांच्याच ट्रकने त्यांच्याच मुनशीला चिरडलं. मुनशी म्हणजे गाड्यांची ये-जा बघणारा, मालकाचा उजवा हात. तो जागीच गेला. ड्रायव्हर पळाला नाही, रस्त्यावर बसून रडत होता. असा ड्रायव्हर विरळाच. पण रडण्यावर भुलायला पोलिसाला पगार मिळत नाही.

पंचनामा चालू असताना खबऱ्याने मला बाजूला घेतलं. "साहब, कल ही इसकी मुनशी से हाथापाई हुई थी. बोला था, देख लूंगा."

ड्रायव्हर भंडाऱ्याकडचा. चौकशीत त्याचं एकच पालुपद. "साहेब, मी ब्रेक दाबूनच राहिलो होतो. गाडी थांबूनच नाही राहिली."

"फाटकापासून वळणापर्यंत ब्रेकचा लाल दिवा एकदाही लागला नाही, असं बघणारे सांगतात. मग आधी का दाबला नाहीस?"

इथे तो मान खाली घालायचा. "सांगत काहून नाही?" मी चिडून त्याच्याच बोलीत विचारलं.

ट्रक चालवतच ठाण्यात आणला होता. आरटीओच्या इन्स्पेक्टरने तपासला, तर ब्रेक ठणठणीत. मालकाने आगीत तेल ओतलं. "माझी डिस्क ब्रेकवाली नवी गाडी ह्याच्या पुढेच निघाली, त्याच वळणावर थांबली. हाच कसा नाही थांबला?" खुनाचं कलम लागणार हे ठरल्यातच जमा होतं.

ड्रायव्हरची बायको ठाण्याच्या पायरीवरून हलत नव्हती. "साहेब, माणूस तापट हाय, पण खुनी नाही जी. मुनशीजीशी गोड व्हावं म्हणून मले शिरा कराले लावला. सकाळपासून गाडीच धुऊन राहिला होता, चाकात पाइप घालू घालू."

बायका नवऱ्याची बाजू घेतातच. पण पाइप डोक्यात राहिला. घटनास्थळी रस्ता कोरडा खडखडीत होता, ओल होती ती फक्त त्या ट्रकच्या चाकांखाली.

मी इन्स्पेक्टरला पुन्हा बोलावलं. मालकाची नवी गाडी आणि हा ट्रक, दोन्ही पाइपाने धुतले आणि मध्ये ब्रेक न लावता वळणापर्यंत चालवले. डिस्कवाला जागेवर थांबला. अपघातातला ड्रम ब्रेकवाला वळण ओलांडून सरळ पुढे गेला. चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर तोच ट्रक शहाण्यासारखा थांबू लागला.

इन्स्पेक्टरने समजावलं. डिस्कची चकती उघडी असते, फिरताना पाणी झटकून टाकते. ड्रम म्हणजे झाकणाचा डबा. उरल्याच्या धुळीत तोच टिकतो, दुरुस्तीही स्वस्त. पण आत शिरलेलं पाणी घासून वाळेपर्यंत पकड येत नाही. ठाण्यापर्यंत चालवत आणताना ते वाळून गेलं होतं. म्हणूनच धुतल्यावर ड्रायव्हर आवारातच दोन-चारदा ब्रेक मारून घेतात.

मग याने का मारला नाही? कोठडीत जाऊन मी प्रयोगाचं सांगितलं, तेव्हा तो ढसाढसा रडला.

"मुनशीजीनंच नारळ फोडला साहेब. मले टिळा लावला. म्हणाला, 'कल की बात छोड़ भैया. मोड़ तक ब्रेक नहीं मारना, अपशकुन होता है. मैं वहीं प्रसाद लेके खड़ा हूं.' आमच्याकडे दरसाल असंच होते. मेलेल्या माणसाच्या नावावर दोष कसा टाकू?"

आवारातल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती. इतकी अंगवळणी पडलेली, की कोणाला ती सांगावीशी वाटली नाही आणि मला विचारावीशी. खुनाचं कलम निघालं, निष्काळजीपणाचं राहिलं. त्यानंतर साक्षीदाराला मी एक प्रश्न हमखास विचारत आलो: तुमच्याकडे रोज काय होतं, ते सांगा.

आता एवढंच डाचतं. त्या सकाळी रस्त्यावर शिरा सांडला होता आणि खोबऱ्याचे तुकडे पडले होते. पंचनाम्याच्या आड येतात म्हणून मी ते बुटाने बाजूला सारले. तो त्या ड्रायव्हरच्या वाट्याचा प्रसाद होता.